वळचणीचं कौल

कड्याखालच्या एका गावात भिवाजी नावाचा एक गावकर होता. गावकर म्हणजे गावाचा मुख्य. देवळात पहिला नारळ त्याचा, भांडणात शेवटचा शब्द त्याचा. माणूस वाईट नव्हता हो! पण भित्रा. आपला मान जाईल या भीतीनं त्याचा जीव सदा टांगणीला असायचा. चावडीवर दोघं हळू आवाजात बोलताना दिसले, तरी तो आल्या वाटेनं परत फिरायचा.

गोष्ट कौलाची आहे, तेव्हा आधी शब्दाचं ऐका. घरावर घालतात ते कौल. देवाच्या अंगाला फुलं चिकटवून उत्तर मागतात तो कौल. आणि परक्या माणसाला 'ये, राहा, तुला इथून कोणी उठवणार नाही' असं अभय देतात, तोही कौलच. शास्त्रीबुवा सांगतात, अभयाचा कौल दूरदेशीच्या भाषेतून आधी दरबारात आला आणि दरबारातून गावात; घरावरच्या कौलाशी त्याचं काही नातं नाही. नसेल बापडं! भिवाजीच्या गावात मात्र तिन्ही एकाच छपराखाली नांदत होते.

तिथली रीतच तशी होती. गावानं कुणाला अभय द्यायचं ठरवलं, की कुंभाराच्या चाकावर मातीचा एक नळा काढायचा. नळा ओला असतानाच अभय देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं, तारेनं तो उभा चिरायचा. एका नळ्याची दोन अर्धगोल कौलं व्हायची. भट्टीत भाजून झाल्यावर एक देणाऱ्याच्या वळचणीला लागायचं, एक घेणाऱ्याच्या. माणसाचा हात कधी सरळ चालतो थोडाच? चिरताना तार कुठे वळायची, कुठे अडायची. त्यामुळे त्या कौलाला त्याचंच जोडीदार जुळायचं, दुसरं नाही. पुढे कधी वाद निघाला, तर दोन्ही कौलं देवासमोर आणून कडेला कड लावायची. जुळली, तर दिलेला शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

घाटावर दुष्काळ पडला, तेव्हा राणू कुंभार बायकोला घेऊन या गावात आला होता. गावाची घरं तेव्हा पेंढ्यानं शाकारलेली. भिवाजीनं मोठ्या मनानं नळा चिरला. राणू हात जोडून म्हणाला, "गावकर, तुम्ही मला छप्पर दिलंत. तुमचं छप्पर मी गळू देणार नाही." ओढ्यापलीकडे त्यानं झोपडी बांधली आणि तळ्याची माती काढून वर्षानुवर्षं कौलं घातली. सगळं गाव लाल झालं.

मग एका उन्हाळ्यात गावातली गुरं आजारी पडली. लाळ गळायची, पाय लटपटायचे, दोन-चार दगावलीही. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कारण ठाऊक नसलं की माणसं माणूस शोधतात. रवळू नावाचा एक म्हातारा होता, गावात त्याचा शब्द चालायचा. तो म्हणाला, "कुंभारानं तळ्याचं पोट खरवडलं. जलदेवता कोपली. त्याला घालवा." झालं! ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच. राणूची भट्टी बंद झाली. त्याच्या बायकोला, तानीला, विहिरीवर कुणी दोर देईना.

रवळू भिवाजीच्या दारात आला. "गावकर, तुम्ही त्याला कौल दिला होता की नुसती राहायची मुभा? उद्या देवळात काय ते होऊ द्या. दिला असेल, तर गाव मुकाट राहील. पण मग गुरांचं पाप तुमच्या माथी."

भिवाजीचं धाबं दणाणलं. नळा चिरताना समोर असलेली जुनी माणसं देवाघरी गेली होती, आणि रवळू काही तेव्हा तिथं नव्हता. आठवत होतं ते त्याला आणि राणूला. आणि आठवत होतं त्या दोन कौलांना!

तो थेट देवळात गेला. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. भिवाजीनं विचारलं, "राणूला घालवू का?" डावं पडलं. त्यानं प्रश्न फिरवला, "राणू आपण होऊन गेला, तर चालेल का?" पुन्हा डावं. त्यानं तिसऱ्यांदा फुलं लावायला सांगितली. या वेळी एकही हलेना. बसून-बसून भिवाजीच्या पायांना मुंग्या आल्या.

गुरव म्हणाला, "गावकर, देवानं एकदा सांगितलं. तुम्हाला पटेपर्यंत सांगत बसायला तो काय तुमचं कूळ आहे?"

भिवाजी घरी आला. टळटळीत दुपार होती. बायको भागू विहिरीवर गेली होती. लेक यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती पडवीतल्या खोलीत तान्ह्याला घेऊन निजली होती. भिवाजीच्या डोक्यात एकच भुंगा. आपलं कौल नाहीसं झालं, तर जुळवणार कशाला? राणूचं एकटं कौल कुणाची साक्ष देणार? आपण खोटं बोलायचंसुद्धा नाही. नुसतं गप्प राहायचं. भित्र्या माणसाला पाप करताना हीच पळवाट फार आवडते.

त्यानं शिडी लावली. त्याच खोलीच्या वळचणीला ते कौल होतं, ओळीत सगळ्यांत खाली. आता सांगा, कौलारू घरात राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं की कौलं उतरवायची ती आढ्यापासून, वरून खाली. खालचं कौल वरच्याला धरतं, ते त्याच्या वरच्याला. ना खिळा, ना दोरी. सगळं एकमेकांच्या भरवशावर. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडलेली असते. भिवाजीनं खालचंच कौल धरलं आणि हिसडा दिला.

कौल हातात आलं. क्षणभर काही झालं नाही. मग वरचं घसरलं. त्याच्या मागून दुसरं, मग शेजारची ओळ. खळ्-खळ्-खळ् करत छपराचं एक अंगच खाली आलं! भिवाजी शिडीवरून अंगणात पडला. भोवती नुसता खापरांचा ढीग. आत यमुना किंचाळली, तान्हं टाहो फोडून रडायला लागलं. भिवाजीनं काय केलं असेल? आधी हातातलं कौल उपरण्याखाली लपवलं आणि मग खोलीकडे धावला.

लेक धड होती, नातू धड होता. कौलं बाहेरच्या बाजूला घसरली म्हणून वाचले. पण बाजेवर पडल्यापडल्या आता आभाळ दिसत होतं, आणि ते आभाळ कड्याकडून काळं होत येत होतं. भागू धावत आली. "अहो, हे काय हो झालं? ओल्या बाळंतिणीला पावसात ठेवू का मी? मागं माजघरात न्यावी, तर तिथंही भोक दिसतंय!" शेजारी जमले. वर बघून चुकचुकले. कौलं कुणाकडे होती? भट्टी तर त्यांनीच बंद केली होती. जो-तो आपलं घर सांभाळायला पांगला.

भिवाजी अंगणात उभा होता. काखेतलं कौल त्याला टोचत होतं. वारा सुटला. नातवाचं रडणं थांबेना.

तेवढ्यात ओढ्यातून राणू आणि तानी येताना दिसली. दोघांच्या डोक्यावर कौलांनी भरलेले हारे. राणूनं कुणाला काही विचारलं नाही. शिडी सरकवली आणि वर चढला. तानी खालून कौल द्यायची, तो ओळ लावायचा. हारे रिकामे झाले की दोघं पुन्हा ओढा ओलांडून जायची आणि भरून आणायची.

भिवाजीनं विचारलं, "राणू, कौलं कुठून आणलीस रे?"

"आमच्या झोपडीची, गावकर. उद्या उठून जायचंच आहे म्हणतात. ती वर राहून काय करतील?"

शेवटची ओळ सुरू करताना वळचणीच्या कौलापाशी राणूचा हात थांबला. त्यानं खापरांच्या ढिगाकडे पाहिलं. मग भिवाजीच्या उपरण्याखालच्या फुगवट्याकडे पाहिलं. खाली उतरून हाऱ्याच्या तळातून त्यानं एक जुनं, काळवंडलेलं कौल काढलं. त्याची कड एके ठिकाणी वाकडी होती.

"तुमचं फुटलं असेल," तो म्हणाला. "हे घ्या. बोललो होतो ना मी, गळू देणार नाही म्हणून!"

शेवटचं कौल बसलं आणि वळीव कोसळला. खोलीत थेंब आला नाही. नातू आईच्या कुशीत निजला. भिवाजी पडवीत बसून ओढ्यापलीकडे बघत होता. राणूच्या झोपडीच्या वर नुसते बांबूचे वासे दिसत होते. एका झाडाच्या बुंध्याशी दोन माणसं एकच घोंगडी डोक्यावर घेऊन बसली होती. भागूनं ताट वाढलं. भिवाजीला घास गिळवेना. शेवटी भागू इरलं घेऊन बाहेर पडली आणि दोघांना हाताला धरून गोठ्यात घेऊन आली. भिवाजीला तेवढंही सुचलं नव्हतं.

सकाळी देवळात गाव जमलं. रवळूनं विचारलं, "राणू, तुला कौल होता म्हणतोस. तुझ्या वाटचं कौल कुठाय?"

राणूनं मान खाली घातली. "नाही जी. आता माझ्यापाशी नाही."

"मग सुटला प्रश्न!" रवळू म्हणाला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांनी भिवाजीकडे पाहिलं. आता त्याला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. कालपासून याच क्षणासाठी त्याचा जीव वरखाली होत होता, आणि तो क्षण आयता पुढ्यात आला होता. तानी आपलं गाठोडं उचलायला वाकली.

भिवाजी उठला. उपरण्याखालून कौल काढून त्यानं देवासमोर ठेवलं.

"हे माझं अर्धं," तो म्हणाला. "काल माझ्या हातानं उपटलं मी, आज खोटं पाडता यावं म्हणून. याचं दुसरं अर्धं माझ्याच वळचणीला आहे, माझ्या नातवाच्या डोक्यावर. राणूनं लावलं. या आणि जुळवून बघा. कौल मी दिला होता. गुरांचं पाप माथी घ्यायचं तर घेतो. गावकी काढून घ्यायची तर घ्या. पण राणू इथून हलणार नाही."

सगळे त्याच्या घरी गेले. रवळूनं स्वतः शिडीवर चढून कडेला कड लावली. वाकड्यात वाकडं नेमकं बसलं. म्हातारा खाली उतरला. सरळ घरी गेला आणि थोड्या वेळानं आपल्या परसातल्या छपरीची कौलं घेऊन ओढ्याकडे निघाला. भिवाजी आधीच तिथं पोचला होता. आपल्या गोठ्याची कौलं त्यानं उतरवून आणली होती. या खेपेला आढ्यापासून!

पुढे पाऊस लागला, तळ्यात नवं पाणी आलं, गुरं बरी झाली. दोष कुणाचा होता, ते मग कुणीच विचारलं नाही. भिवाजीला अजूनही चावडीवरची कुजबुज ऐकून धस्स व्हायचं. स्वभाव का एका दिवसात जातो? पण धस्स झालं, की तो अंगणात येऊन वळचणीकडे बघायचा आणि मग चावडीवर जायचा.

तात्पर्य: दुसऱ्याला दिलेला शब्द हा आपल्याच घराच्या वळचणीचं कौल असतो, भीतीपोटी तो उपटायला गेलं, की दुसऱ्याच्या आधी आपलीच माणसं उघड्यावर पडतात.