सँपल फ्लॅटमधलं दूध

टिटवाळ्यात घर घ्यायचं तर आधी म्हातारं व्हावं लागतं. चौबळबाई झाल्या होत्या. "या दिवाळीत चावी," असं दळवी बिल्डर दर दिवाळीला सांगायचे आणि बाई बांधलेलं सामान भाड्याच्या खोलीत पुन्हा सोडायच्या.

यंदा दसऱ्याला दळवींनी नव्या गिऱ्हाइकांना सजवलेला सँपल फ्लॅट दाखवायला बोलावलं. छाती फुगवून म्हणाले, "डोळे मिटून पैसे भरा. अगदी असंच घर मिळेल. राहायला तयार!"

तेवढ्यात गर्दीतून चौबळबाई पुढे आल्या. त्यांनी थैलीतून पातेलं आणि दुधाची पिशवी काढली आणि ओट्यावरच्या शेगडीकडे वळल्या.

"अहो बाई, हे काय चाललंय?"

"दूध उतू घालवते, म्हणजे गृहप्रवेश झाला. राहायला तयार आहे म्हणालात ना? मग मी इथंच राहते. आणखी वाट बघायचं त्राण नाही राहिलं."

दळवींचा आवाज चढला. "अहो, त्या शेगडीला गॅस नाही, नळाला पाणी नाही! फ्रिज म्हणजे नुसता खोका आहे. ही भिंतसुद्धा प्लायवूडची. इथं माणूस राहूच शकत नाही!"

एका गिऱ्हाइकानं भिंतीवर टकटक करून पाहिलं. ती पोकळ वाजली.

बाईंनी पातेलं परत थैलीत ठेवलं आणि दमून सोफ्यावर टेकल्या.

"मला हे ठाऊकच होतं, दळवीसाहेब. यांना तुमच्या तोंडून कळायला हवं होतं. आता माझी चावी कधी देताय, तेही यांच्यासमोरच सांगा."