पहिल्या बाकावरचे ओठ

प्रवरेच्या काठी एका गावात एक आई होती, आणि तिला तीन रात्री झोप नव्हती. तान्हं मूल रडत होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. मूल चार वर्षांचं होतं. नाव रिबका, पण रिबू म्हटल्याशिवाय ओ द्यायचं नाही. ते आडवंतिडवं पसरून गाढ झोपायचं. जागी राहायची ती आई, सुचरिता भांबळ. तिची काळजी एका ओळीची होती: रविवारी लुदिया मध्येच अडकली तर?

गावातल्या ख्रिस्ती मंडळीचं एक दगडी, कौलारू देऊळ होतं. तिथं वर्षातला एक रविवार तरुणांचा असायचा. त्या दिवशी पाळकसाहेब खाली माणसांत बसायचे आणि सगळी उपासना तरुण संघाची मुलं चालवायची. मागच्या वर्षी शास्त्रपाठ वाचताना एका मुलाचं पान चुकलं. तो पानं उलटत राहिला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्यामागे त्याचे दोस्त गेले. बारा जणांचा संघ पाचावर आला, आणि संघ चालवणाऱ्या भाऊंनीही हात टेकले.

तेव्हा पंचांचे प्रमुख शांतवन मास्तर सभेत उभे राहिले. मास्तर आधीच कडक, त्यात दिवाळीनंतर मास्तरीणबाई देवाघरी गेल्यापासून फारच कोरडे झाले होते. म्हणाले, “यंदाचा रविवार बघू. धड झाला तर ठीक. नाहीतर संघाच्या खोलीला कुलूप. पाच पोरांसाठी पंखा कशाला फिरवायचा? कोण घेतंय जबाबदारी?”

सुचरिताचा हात वर गेला. तो पदर सावरायला गेला होता, असं ती नंतर नवऱ्याला सांगायची. पण तोवर मास्तरांनी नाव लिहून घेतलं होतं.

सुचरिता एम. ए. झालेली होती. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेली होती. तिनं ठरवलं, या वेळी कुणाचं पान चुकणार नाही. मूल पडण्याआधी हात पुढे करायची तिला चार वर्षांची सवय होती; तीच सवय तिनं संघाला लावली. स्वागत तिनं लिहिलं, मुलांनी सांगायची देवाच्या अनुभवाची साक्षसुद्धा तिनंच लिहिली, प्रार्थना तिनं लिहिल्या. जिथं श्वास घ्यायचा तिथं लाल पेनानं उभी रेघसुद्धा मारली. दर शनिवारी देवळामागच्या खोलीत सराव व्हायचा. मुलं पाठ केलेलं म्हणायची, आणि समोर बसलेल्या सुचरिताचे ओठ त्यांच्या बरोबरीनं हलायचे. कुणी अडखळलं की ओठ जरा मोठे हलायचे. मग गाडी पुन्हा रुळावर यायची.

मुलांनाही ते सोयीचं पडलं. पाठांतर कच्चं असलं तरी चालायचं. ताईंच्या तोंडाकडे बघितलं की झालं.

फक्त लुदियाचं जमत नव्हतं. लुदिया अमोलिक एकोणीस वर्षांची होती. बारावीनंतर बापाची पिठाची गिरणी तीच चालवायची. भुवयांवर कायम पांढरी झाक. बोलणं कमी. गिरणी चालू असताना बोलून उपयोग नसतो, ऐकावं लागतं, असं म्हणायची. तिच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना होती. म्हणजे सगळ्या मंडळीच्या वतीनं, सगळ्या मंडळीसाठी देवाकडे मागणं.

“ताई,” ती एका शनिवारी म्हणाली, “हे ‘करुणासागरा’ म्हणायलाच पाहिजे का?”

“का गं?”

“मी कधी कुणाला असं म्हणाले नाही.”

“देवाला म्हणायचंय, लुदिया. गिऱ्हाइकाला नाही.”

ढोलकीवर बसलेला थोमा मध्येच बोलला, “गिऱ्हाइकाला म्हणून बघ एकदा. दळण वाढेल.”

सगळे हसले. लुदियाही हसली. पण ‘करुणासागरा’पाशी ती पुन्हा अडकली, आणि मग ‘अनाथांच्या नाथा’पाशी. सुचरिता ओठ हलवून हलवून दमली. तिनं मनात म्हटलं, आपण चुकीच्या मुलीला चुकीचं काम दिलं. मग म्हटलं, बहुतेक मंडळीनंच चुकीच्या बाईला चुकीचं काम दिलंय.

त्या आठवड्यात रिबू घरी एक नवा खेळ खेळू लागली. घरातल्या सगळ्या चपला तिनं ओळीत उभ्या केल्या. बाबांचा बूट मधोमध. समोर पाटावर स्वतः बसली, आणि एकेका चपलेकडे बोट करून भराभरा बोलू लागली.

“हे काय चाललंय?” सुचरितानं विचारलं.

“संघ.”

“अरे वा! मग ही निळी चप्पल काय म्हणते?”

“ती नाही बोलत,” रिबू म्हणाली. “मीच बोलते. ती नुसती उभी राहते.”

नवरा पेपराआडून खुदकन हसला. सुचरिताही हसली. पण ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं तिला दिवसभर टोचत राहिलं. तिनं त्याचं काय केलं? काही नाही. कळणं आणि वळणं यांत बरंच अंतर असतं, आणि रविवार तर तीन दिवसांवर आला होता.

रविवार उजाडला. देऊळ भरलं. कुलूप लागणार की नाही हे बघायला एरवी न येणारेसुद्धा आले होते. पंच एका बाजूला बसले, शांतवन मास्तर सगळ्यांत कडेला. सुचरिता पहिल्या बाकावर बरोबर मध्यभागी बसली, म्हणजे वर उभ्या राहिलेल्या मुलांना तिचं तोंड नीट दिसेल. रिबू मांडीवर होती.

स्वागत झालं. गीत झालं. शास्त्रपाठ झाला, पान सापडलं. थोमानं साक्ष दिली. सगळं बिनचूक झालं, आणि सगळ्या मुलांच्या नजरा पहिल्या बाकाच्या मध्यावर खिळलेल्या. मंडळीकडे एकानंही मान वर करून बघितलं नाही. मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

मग लुदिया उठली. आणि नेमक्या त्याच वेळी रिबूनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“आई, शू.”

“पाच मिनिटं थांब, बाळा.”

“आत्ता.”

ज्यांच्या घरी चार वर्षांचं मूल आहे त्यांना ‘आत्ता’चा अर्थ समजावून सांगायला नको. सुचरितानं एकदा लुदियाकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या नव्या साडीकडे, आणि ती उठली. लुदियाची नजर दारापर्यंत तिच्यामागे गेली.

मोरी देवळाच्या मागे होती. रिबूला घाई होती म्हणून आणलं, पण तिथं पोहोचल्यावर तिची घाई संपली. ती मुंग्यांची रांग बघत बसली. आतून लुदियाचा आवाज आला: “हे परमदयाळू, करुणासागरा पित्या…” आणि थांबला.

आत कुणीतरी खोकलं. बाक करकरलं.

“झालं का, रिबू?”

“मुंगीनं साखर नेली.”

“रिबू!”

“झालं.”

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि धावली. दारातून जायचं तर देवळाला वळसा घालावा लागला असता. बाजूची खिडकी जवळ होती आणि उघडी होती. ती खिडकीशी पोहोचली. आत सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. एकट्या लुदियाचे डोळे उघडे होते. तिनं पहिल्या बाकाकडे बघितलं. मधली जागा रिकामी. मग इकडेतिकडे बघता बघता तिची नजर खिडकीवर आली, आणि ताई दिसल्या.

लुदियाच्या खांद्यांतला ताण गेला. सुटले, असंच तिचा चेहरा म्हणत होता.

सुचरिताला पुढची ओळ पाठ होती. तिनंच तर लिहिली होती. ‘अनाथांच्या नाथा’ एवढं ओठांनी म्हटलं की गाडी रुळावर. खोली वाचली, संघ वाचला, आपलं नाव राहिलं. तिचे ओठ उघडलेसुद्धा. पण त्याच क्षणी तिला ती निळी चप्पल आठवली. ती नुसती उभी राहते.

आपण आता हिला वाचवलं तर ही आज वाचेल. पण पुढच्या वेळीही खिडकीतच बघेल. सुचरितानं ओठ मिटले. लुदियाकडे बघून एकदा मान डोलावली. आणि खिडकीखाली चक्क जमिनीवर बसली, डोकंसुद्धा दिसू नये अशी.

“आई, लपलीस?” रिबूनं कानात विचारलं.

“हो.”

“कोणावर राज्य?”

“लुदियाताईवर.”

आत शांतताच होती. ती इतका वेळ राहिली की सुचरितानं दोनदा उठायचं ठरवलं आणि दोनदा स्वतःचाच पदर मुठीत धरून खाली बसली. मग आवाज आला. पाठांतराचा नव्हे, गिरणीच्या दारात उभं राहून बोलावं तसा.

“देवा, मला पुढचं आठवत नाही.”

कुणी हसलं नाही. जो आपणहून सांगतो त्याला हसायला जागा उरत नाही.

“पण ही माणसं मला आठवतात,” लुदिया म्हणाली. “ज्यांचं दळण पाच किलो असायचं आणि आता दोन किलो झालंय, त्यांच्या घरचं माणूस पुण्याला गेलंय की तुझ्याकडे आलंय, ते तुला ठाऊक आहे. त्यांना जेवताना सोबत दे. ज्यांनी गहू सोडून नाचणी आणायला सुरुवात केली, त्यांची साखर उतरव. ज्यांच्याकडे बाळंतिणीच्या लाडवांचं पीठ गेलंय, त्या घरी सगळं सुखरूप होऊ दे. आणि जे दोन आठवडे दळायलाच आले नाहीत, त्यांना मी काही विचारलं नाही. चुकलं माझं. उद्या जाईन. आमेन.”

मग सगळं देऊळ एका आवाजात “आमेन” म्हणालं, इतकं मोठ्यानं की खिडकीखाली बसलेली रिबू दचकली आणि तीही म्हणाली.

उपासना सुटली. सुचरिता अंगावरची माती झटकत पुढच्या अंगणात आली, तर शांतवन मास्तर वाट बघत उभे. डोळे लाल होते. मास्तरीणबाई गेल्यापासून त्यांचं दळण दोन किलो झालं होतं, हे गावात गिरणीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

“जय ख्रिस्त, मास्तर.”

“जय ख्रिस्त. ती प्रार्थना तुम्ही लिहून दिली होती?”

‘हो’ म्हणायला एकच अक्षर लागलं असतं, आणि ढालींच्या रांगेत आणखी एक ढाल आली असती.

“नाही, मास्तर,” ती म्हणाली. “मी लिहून दिलेली ती विसरली.”

“बरं झालं,” मास्तर म्हणाले. मग भुवई उंचावून विचारलं, “आणि तुम्ही त्या वेळी कुठे होता?”

“रिबूला मोरीवर घेऊन गेले होते.”

“मग दर वेळी नेत जा.”

एवढं बोलून ते निघाले. चार पावलांवर थांबले आणि मागे न वळताच म्हणाले, “खोलीची किल्ली त्या पिठाच्या पोरीकडे द्या. कुलूप उघडायला कुणीतरी वेळेवर यायला नको का?”

दुसऱ्या दिवशी लुदिया खरोखरच त्या दोन आठवडे न आलेल्या घरी गेली. थोमाला सोबत घेऊन गेली. घर लांब होतं आणि त्यांच्यासाठी नेलेला पिठाचा डबा जड होता. पुढच्या शनिवारी संघात पाचाचे सात झाले. सुचरितानं लिहिलेले कागद नव्हते आणले. लाल पेन मात्र पर्समध्ये होतं. सवय एका आठवड्यात जात नाही. तिनं सगळ्यांना एकच विचारलं, “या आठवड्यात तुम्हाला कोण कोण भेटलं, आणि कसं होतं?” मग ती उठून सगळ्यांत मागच्या बाकावर, दाराशी जाऊन बसली. पुढे कायम तिथंच बसत गेली. तिथून मुलांना तिचे ओठ दिसत नसत. तिला मात्र मुलं छान दिसत.

त्या शनिवारी संध्याकाळी घरी आल्यावर बघते तर चपला पुन्हा ओळीत उभ्या. या वेळी रिबू पाटावर नव्हती. ती दाराआड बसून फटीतून निळ्या चपलेकडे टक लावून बघत होती. बराच वेळ झाला. चप्पल काही बोलेना. सुचरितालाच राहवेना.

“अगं, पुढचं सांग ना तिला,” ती म्हणाली.

तात्पर्य: ज्याला माणसं घडवायची आहेत, त्यानं तयारी जीव ओतून करून घ्यावी, पण वेळ आली की मागच्या बाकावर बसावं, आणि अडखळणाऱ्याला त्याचे स्वतःचे शब्द सापडेपर्यंतची शांतता सोसावी. हे एवढं लक्षात राहणार नसेल, तर रिबू तेव्हा ओठांवर बोट ठेवून आईला जे म्हणाली तेवढं तरी लक्षात ठेवावं: “श्श! तिला सुचतंय.”