हैबतरावाची नवी रायफल

डोंगराआडच्या एका संस्थानात हैबतराव नावाचा नेमबाज होऊन गेला. ठासणीच्या जुन्या बंदुकीनेही तो उडता होला पाडायचा. नेम जितका पक्का, तितकंच डोकं गरम.

एकदा महाराजांनी विलायतेहून नवी रायफल मागवली. बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. हैबतरावाने ती चांदमारीवर, नेमबाजीच्या मैदानावर, चालवून पाहावी, त्याला पसंत पडली तर शिबंदीतल्या साऱ्या शिपायांना तशाच घेऊ, असं महाराजांनी ठरवलं. बंदरावरून ती आणायला गुलाबराव गेला. तो हैबतरावाचा लहानपणापासूनचा सोबती, आणि शिबंदीत नेमात त्याच्या खालोखाल. घाटात पावसाने गाठलं तेव्हा त्याने आपली घोंगडी रायफलीला गुंडाळली आणि स्वतः भिजत आला.

चांदमारीच्या दिवशी सारा दरबार जमला. बोल्ट नवा, ताठ. हैबतरावाला तो जोर लावूनच ओढावा लागला. चाप दाबला तसा दस्त्याने खांद्याला सणसणीत धक्का दिला. समोर फळीपाशी लाल निशाण हललं. गोळी काळ्या ठिपक्याला लागली नव्हती. दुसऱ्या गोळीलाही लाल. तिसऱ्यालाही लाल. मागे कोणीतरी हसलं.

हैबतरावाची कानशिलं तापली. आधी तो वाऱ्यावर चिडला, मग विलायती कारागिरांवर. बोल्ट दाणकन आपटत त्याने आणखी गोळ्या झाडल्या. लाल, पुन्हा लाल. आता राग काढायला माणूस हवा होता. त्याची नजर गुलाबरावावर गेली.

"नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी तूच वाकवलीस," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "माझ्या खालोखाल राहणं तुला सोसवत नाही."

गुलाबरावाचा चेहरा पडला. फळी एकदा जवळून बघून ये, मग काय ते बोल, एवढंच त्याने विनवलं. हैबतराव जागचा हलला नाही. दगाबाजाने मला वाट दाखवायची गरज नाही, म्हणाला. महाराजही गप्प राहिले, कारण हैबतरावाच्या शब्दाला दरबारात वजन होतं. ते पाहून गुलाबरावाने कमरेचा चाकरीचा पट्टा सोडला, महाराजांच्या पायांशी ठेवला आणि मुजरा करून तो निघून गेला.

तरीही हैबतरावाचा राग निवेना. ती फळीच फोडून टाकावी म्हणून तो तरातरा तिच्यापाशी गेला आणि थबकला. साऱ्या गोळ्या ठिपक्याच्या डावीकडे वीतभर अंतरावर लागल्या होत्या. पण अशा एकाला एक खेटून, की वर तळहात ठेवला तर झाकल्या जाव्यात. त्याच्या जुन्या बंदुकीने कधी इतक्या जवळ गोळ्या टाकल्या नव्हत्या. रायफल चोख होती. त्याने माशी निरखली; ती सरळ होती, कोणी वाकवली नव्हती. नवं हत्यार नव्या हाताशी जुळवून घ्यावं लागतं, एवढंच.

माशी डावीकडे सरकली की गोळी उजवीकडे जाते, म्हणून त्याने लाकडी हातोडीने ती किंचित डावीकडे सरकवली. पुढची गोळी ठिपक्याच्या मधोमध गेली. दरबाराने वाहवा केली. ती त्याला शिवीसारखी लागली. आता त्याचा सगळा संताप स्वतःवर उलटला होता.

तो धावतच गुलाबरावाच्या घरी गेला. उंबऱ्याशी उभा राहून त्याने माफी मागितली आणि महाराजांनी परत दिलेला पट्टा पुढे केला. गुलाबरावाने त्याला पाणी दिलं. बसायला घोंगडी टाकली. पट्ट्याला मात्र हात लावला नाही.

"रायफल चुकली तरी तू तिला पुन्हा पुन्हा गोळी दिलीस, हैबत," तो म्हणाला. "माझा एक शब्दही ऐकला नाहीस."

हैबतराव पट्टा घेऊन परत फिरला. शिबंदीला नव्या रायफली आल्या, पण गुलाबराव परतला नाही. त्यानंतर हैबतरावाचा नेम कधी चुकला नाही; पण चांदमारीवर त्याच्या शेजारी उभं राहायला कोणी तयार होत नसे.

तात्पर्य: रागाच्या भरात दोष लावण्याआधी चूक कुठे आहे ते जवळ जाऊन पाहावं. हत्यार पुन्हा जुळवता येतं. दुखावलेला माणूस जुळेलच असं नाही.