भाल्याची लांबी

फार पूर्वी स्वार भाल्याने लढत, तेव्हाची ही गोष्ट. भर उन्हात, उघड्या माळावर मानकोजी स्वाराची घोडी व्याली. शिंगरू धापा टाकू लागले. घोंगडीची सावली करावी म्हणून मानकोजीने भाला रोवायला घेतला. पण कठीण जमिनीत बोथट बूड शिरेना. त्याने भाला उलटा धरला.

"मातीत माझी धार जाईल," पाते कुरकुरले. "माझे काम रणात."

"आपल्याला एवढे लांब का केले, ठाऊक आहे?" वेळूचा दांडा म्हणाला. "शत्रूचा वार घोड्यापर्यंत पोहोचू नये म्हणून. आज ऊनच शत्रू आहे. धार सहाणेवर परत येईल, बाळा. शिंगरू येणार नाही."



"मग ताठ उभा राहा," पाते म्हणाले, "घोंगडी जड आहे." आणि मुकाट्याने जमिनीत शिरले.