मोहोरबंद डबा

डब्याची मोहोर फोडायची नाही आणि आतला परवाना किती संगणकांना चालतो ते सांगायचं, तेही दिवस मावळायच्या आत! महाराज चंडसेनांनी सगुणाला हुकूम सोडला.

महाराजांना तीन राण्या, तिघींच्या महालात तीन संगणक. मुहूर्त काढणारा प्रोग्रॅम महाराजांनी लखमशेटकडून घेतला, पण तो एकावर चालतो की तिन्हींवर, हे विचारलंच नाही. राजानं दुकानदाराला विचारायचं म्हणजे काय! परवान्याचा कागद डब्यात, डब्यावर लाखेची मोहोर आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: 'मोहोर फोडणाऱ्यास आतील अटी मान्य.' परवाना एकाच संगणकाचा निघाला, तर दोन राण्या महाराजांना सळो की पळो करून सोडणार. आणि शेट काही सांगेना. फोडा आणि वाचा, एवढंच म्हणे.

सगुणा दरबारी पत्रांवर लाख ओतून शिक्के मारायची. बापामागे मिळालेली तेवढीच चाकरी. लाखेचं काम तुझं, तेव्हा उत्तर तूच दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं महाराजांनी बजावलं होतं. मोहोर दिसली की लोक आधी फोडतात आणि मागाहून वाचतात, एवढं तिला इतक्या वर्षांत पक्कं कळलं होतं.

तिनं महाराजांकडून एक सोन्याचं कडं मागून घेतलं, चिठ्ठीसकट थैलीत घातलं, वर लाख ओतली आणि लखमशेटला दरबारात बोलावून घेतलं. महाराजांची भेट म्हणताच शेटनं थैली हातात तोलली आणि नखानं लाख उडवली.

कडं निघालं, मागोमाग चिठ्ठी. 'डब्यातला परवाना राजवाड्यातल्या सगळ्या संगणकांना लागू.'

"हे मी कधी कबूल केलं?"

"आत्ताच, शेटजी. थैलीवरचं वाचलं नाहीत?"

शेटनं थैली उलटी केली. त्याचंच वाक्य, तसंच मुंगीएवढं.

"अहो, आत काय आहे ते कळल्याशिवाय माणूस कबूल कसा होईल?"

"सकाळपासून आम्ही दुसरं काय म्हणतोय?" महाराज म्हणाले.

सगुणानं शेटला समजावलं, की थैलीवरचं वाक्य खोटं म्हणाल तर डब्यावरचंही खोटंच. शेटनं चिठ्ठी मान्य म्हणत कडं कनवटीला लावलं. मग तिनं डबा महाराजांपुढे ठेवला. मोहोर जशीच्या तशी.

"तिन्ही संगणकांना चालतो, महाराज."

महाराज इतके हसले की पगडी घसरून कानावर आली. त्यांनी लगेच एक कागद लिहिला, स्वतःच्या अंगठीनं मोहोरबंद केला आणि सगुणाच्या हातात दिला. तिनं त्याला नखही लावलं नाही.

"आधी आत काय आहे ते सांगा, महाराज."

महाराज पुन्हा पोट धरून हसले. त्यांनी कागद परत घेतला, मोहोर फोडली आणि भर दरबारात मोठ्यानं वाचलं, "ओढ्याकाठचं शेत सगुणाला इनाम. अट कसलीही नाही."