ओहोटीबरोबर चाललेली कोळंबी

देवाशप्पथ सांगतो, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट अगदी खरी आहे. मी त्या होडीतच होतो. म्हणजे, मला पाण्याची भीती वाटते, म्हणून काठावर होतो.

हिराजी कोळ्याने वल्ही आत घेतली आणि होडी खाडीच्या ओहोटीवर सोडून दिली. खाली दोरीला बांधलेलं शिशाचं वजन चिखलावर टपटप आपटत चाललं होतं आणि त्याच्यामागून गळाला टोचलेली जिवंत कोळंबी. एका म्हाताऱ्या जिताडा माशाने तिला हेरलं.

"काका, मला तोंड लावू नका. माझ्या पाठीत गळ आहे," कोळंबी म्हणाली.

"खायला आलो की तुम्ही सगळ्या असंच काहीतरी सांगता. कालची म्हणाली, मी विषारी आहे. चांगली गोड लागली."

"मग एवढंच बघा. मी पाय हलवत नाही, तरी होडीच्या वेगाने चाललेय."

जिताडा थबकला. वर हिराजीने दोरीवर बोट ठेवलं. जिताड्याने तोंड उघडलं, शिशाकडे पाहिलं आणि हळूच मिटलं. मग शेपटी वळवून तो खोल पाण्यात निघून गेला.

तो निघून गेला, एवढाच भाग मी रचलाय. कालवणातलं त्याचं डोकं माझ्या वाट्याला आलं होतं.