नारोपंतांच्या गळ्यात वीणा

सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथून घाट कोकणात उतरतो, तिथे शेंदुरे नावाचे छोटे गाव आहे. फुटाणेमहाराज या गावी आले ते मारुतीच्या देवळात एक रात्र टेकायला, आणि राहिले ते कायमचे. येईल त्याच्या हातावर चार फुटाणे ठेवायचे, एवढाच त्यांचा उपदेश. ज्याला तो कळला त्याचे कल्याण झाले, ज्याला नाही कळला त्याला निदान फुटाणे मिळाले.

त्या काळी जगात मोठे युद्ध पेटले होते. रंगून पडले होते, जपानी फौजा पुढे सरकत होत्या, आणि या सगळ्याची बित्तंबातमी शेंदुऱ्यात एकाच माणसाकडे होती. ते म्हणजे नारोपंत खासनीस. कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले पंत रोज पारावर जगाचा नकाशा टांगत, शिळे वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि शत्रू जिथे पोचला असेल तिथे बाभळीचा काटा टोचत. जिथे तो अजून पोचला नव्हता तिथेही टोचत, कारण पुढचे आपल्याला आधी दिसते अशी पंतांची खात्री होती. सेनापतींनी एकदा तरी पंतांचा सल्ला घ्यायला हवा होता. त्यांनी तो घेतला नाही, त्याला पंत तरी काय करणार!

पंतांची धोतरे धुणारा भिवा परीट महाराजांचा भोळा भक्त होता. त्याचा एकुलता एक मुलगा शिदू पलटणीत लॉरी चालवायचा. ब्रह्मदेशात गेल्यापासून त्याची काहीच खबर नव्हती. शिदूची आई अन्नाला शिवेनाशी झाली, तेव्हा भिवाने महाराजांचे पाय धरले. "पोरगं हाय का न्हाई, येवढं तरी सांगा, महाराज."

महाराज म्हणाले, "श्रावणात त्याच्यासाठी सप्ताह बसव. सात दिवस वीणा खाली टेकू देऊ नकोस. बाकीचं मारुतीराय बघतील."

पंत यावर पोट धरून हसले. महाराजांच्या वागण्याला हसायची त्यांची जुनी सवय होती. त्याच वर्षीच्या होळीला महाराज होळीपाशी शांत बसलेले एकदम उठले आणि कुणीतरी समोरच असल्यासारखे गरजले, "अरे, डावीकडं घे! डावीकडं!" होळीला सगळेच बोंबलतात, तेव्हा कुणाला काही वाटले नाही. पंत तेवढे म्हणाले, "महाराजांना झोपेत बैलगाडी दिसली वाटतं!"

सप्ताह बसला. गावकरी पाळीपाळीने वीणा गळ्यात घालून देवापुढे उभे राहत, नाम घेत, आणि वेळ झाली की वीणा दुसऱ्याच्या हाती देत. पण शेवटच्या दिवशी पहाटेच पंतांनी कोकणच्या किनाऱ्यावरच काटा टोचला. "आरमार इथं येणार! बंदरावर उतरले की घाट चढून पहिलं गाव कोणतं? शेंदुरे!" झाले! गावाची पाचावर धारण बसली. टाळकरी गाठोडी बांधायला पळाले. वीणेपाशी भिवा एकटा उरला आणि पहाटेपासून वीणा घेऊन एकटाच उभा राहिला.

दुपारी पंत तावातावाने देवळात आले. "महाराज, हे आता आवरा. शत्रू दाराशी आलाय, गाव डोंगरात न्यायला हवं. आणि भिवा, कुणीतरी तुला स्पष्ट सांगायलाच हवं. शिदूची पलटण होती तिथं मी कधीच काटा टोचलाय. त्या पोराच्या नावानं पाणी सोड आणि मोकळा हो."

भिवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, पण वीणेची तार थांबली नाही. दाराशी बसलेल्या शिदूच्या आईनेही ते ऐकले. असे बोलणे पंतांना शोभले नाही. पण खरे बोलण्यात आपला हात कुणी धरणार नाही, या घमेंडीत ते होते.

महाराज शांतपणे म्हणाले, "पंत, भिवाचे पाय भरून आलेत. घोटभर पाणी पिऊन येऊ दे त्याला. तोवर धरा." आणि पंत नको म्हणायच्या आत वीणा त्यांच्या गळ्यात पडलीसुद्धा! मग महाराज भिवाला म्हणाले, "आचाऱ्याला सांग, आमटीचं आणखी एक पातेलं चढव. चांगलं मोठं."

"गाव तर पळायला लागलंय, महाराज. खानार कोन?"

"खाणारे भुकेले आहेत रे. वाटेत आहेत."

भिवा मागच्या दाराने गेला, आणि इकडे पारावरून आरोळी आली, "आले! आले! जपानी आले!" घाटातल्या धुक्यातून गुरगुराट येत होता आणि उपड्या परातीसारखे टोप घातलेली माणसे दिसत होती. पोरेबाळे, शेरडे, पाटील, सगळे डोंगराकडे सुटले. पाटील सर्वांच्या पुढे होते.

पंतही सुटले, पण वीणा खांबाला धडकली आणि ते जागीच अडकले. ती उतरवून ठेवायला ते वाकणार, तोच महाराज म्हणाले, "ठेवायची तर ठेवा. मात्र ती टेकली की भिवाच्या पोराचा सप्ताह मोडला."

त्या पोराला तर पंतांनी आत्ताच मारून टाकले होते! मेलेल्याचा सप्ताह मोडला तर काय बिघडणार होते? पण शिदूची आई पळाली नव्हती. ती पंतांच्या हातांकडे एकटक बघत होती. पंत मनाचे वाईट नव्हते हो, जिभेचे वाईट होते. त्यांचे हात काही केल्या खाली जाईनात.

बाहेर बूट वाजू लागले. शरण जावे म्हणून पंत हात वर करायला गेले, तर वीणा घसरायला लागली. ती त्यांनी पुन्हा घट्ट कवटाळली. आजवर देवाचे नाव त्यांनी फक्त साक्षीदाराला शपथ घालताना घेतले होते. आता डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून ते ओरडू लागले, "जय जय रामकृष्णहरी! जय जय रामकृष्णहरी!" बूट उंबऱ्याबाहेर थांबले. पंतांनी आवाज आणखी चढवला.

"पंतकाका? तुमी? आन् वीना?"

पंतांनी एक डोळा उघडला. समोर टोप काखेत धरून शिदू उभा होता! त्याची आई "माझ्या लेकरा!" म्हणून त्याच्या गळ्यात पडली. आमटीचा डाव हातात घेऊन भिवा धावत आला आणि पोराला बघून मटकन खालीच बसला.

लॉऱ्या आपल्याच पलटणीच्या होत्या. बोटीने कोकणात उतरून, घाट चढून छावणीकडे निघाल्या होत्या. शिदू म्हणाला, "आबा, लई दिस इस्पितळात हुतो. सांगावे धाडले, पर इथवर पोचलेच न्हाईत. होळीच्या दिशी बाँब पडाय लागले. अंधारात वाट कळंना. तेवढ्यात कुनीतरी कानापाशी वराडलं, 'डावीकडं घे!' म्या लॉरी वळवली, आन् उजवीकडची वाट म्हागं उडाली बघा. त्या रानात मराठी बोलनारं कोन हुतं, देव जाने!"

पंत वळून महाराजांकडे बघतच राहिले. महाराज मात्र पत्रावळी मोजत होते. "पुरतील," ते म्हणाले.

हळूहळू गाव डोंगरातून उतरले. पंगत बसली, भुकेल्या शिपायांनी दोन्ही पातेली चाटूनपुसून साफ केली. भिवा पंतांपाशी आला. "द्या पंत, आता म्या धरतो."

वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पायांना हात लावतात, अशी सप्ताहाची रीत आहे. पंत श्रीमंती थाटाचे, शेंदुऱ्यात कुणापुढे कधी वाकले नव्हते. भिवाने वीणा घेतली आणि संकोचाने मागे सरकला. "तुमी नगा वाकू, पंत."

"वाकू दे रे," पंत म्हणाले. "तुझं पोर जितं असताना मी तुला पाणी सोडायला सांगितलं. मला क्षमा कर, भिवा." आणि भरल्या पंगतीसमोर त्यांनी त्या परटाच्या भेगाळलेल्या पायांवर डोके ठेवले.

मग ते महाराजांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, आपल्याला पुढचं सगळं दिसतं. हे युद्ध संपणार तरी कधी?"

महाराज म्हणाले, "ते मला काय ठाऊक, पंत? मला लेकराचं रडू ऐकू येतं, तेवढंच. तुम्ही सकाळपासून उपाशी आहात, बसा पानावर."

पंत बसले नाहीत. महाराजांच्या पायांवर डोके टेकून ते पोटभर रडले, आणि महाराज त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ज्यांच्या घरचे कुणी रणावर गेले असेल, त्यांच्या हाकेलाही हे कृपाळू महाराज असेच धावून जावोत.